उरलेली राख

अंदमानची तिकिटं दादांनीच काढली होती, आणि महिन्याभरात दादाच गेले. त्यांच्या बायकोला, मनकर्णाबाईंना, आयुष्यात एकदा समुद्र बघायचा होता. पण वर्षश्राद्धाआधी फिरायला गेलं तर भावकी बोलणार, आणि थोरल्या नणंदबाई दगडाबाई तर गारखेड्याच्या घरातच मुक्कामाला. शेवटी लेकीनं, उज्ज्वलानं, भांडी घासायची राख गडव्यात भरली आणि वर लाल फडकं बांधलं.

“आत्या, दादांच्या थोड्या अस्थी मागं ठेवल्यात. अंदमानच्या समुद्रात सोडा म्हणाले होते.”

दगडाबाईंनी गडव्याला हात जोडले. “भावाचीच इच्छा हाय तर कोण आडवं येतंय? जा दोघी.”

अंदमानात मनकर्णाबाईंनी नऊवारीवर लाइफ जॅकेट चढवलं. काचेच्या तळाच्या होडीतून निळेपिवळे मासे पाहिले. स्पीडबोट उसळली तशा पदर तोंडाला लावून हसल्या, दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. उज्ज्वला त्या हसण्याकडे बघत राहिली आणि गडवा पिशवीतच राहून गेला.

घरी आल्यावर पिशवी रिकामी केली ती नेमकी दगडाबाईंनी. फडकं तसंच बांधलेलं, गडवा तसाच जड. उज्ज्वला गडवा घ्यायला घाईनं पुढं झाली.

“घाबरू नकू,” दगडाबाई हळूच म्हणाल्या. “भावाच्या समद्या अस्थी पैठणला म्याच सोडल्यात, मला ठावं नाय व्हय?”

मग गडवा पदरानं पुसून त्यांनी फळीवर वर ठेवला.



“ही राख सांभाळून ठेव. पुढच्या खेपेला सोडायला मी बी येते.”