प्लगची चौथी वायर

ती जुनी गाडी मिस्त्रीच्या गॅरेजात ढकलतच आणावी लागली.

"सिग्नलला थांबली की आचके देते आणि बंद पडते," मालकीणबाई म्हणाल्या. "मुलगा म्हणतो, भंगारात द्या. पण ह्यांची तेवढीच आठवण उरलीय हो. काहीतरी करा."

"एखादा प्लग दगा देत असेल ताई. बघतो."

त्याने कार्बोरेटर साफ करून गाडी सुरू केली. इंजिन दम लागलेल्या माणसासारखं धापा टाकत होतं. मग त्याने नेहमीची युक्ती केली. चालू इंजिनात एकेका प्लगची वायर काढून बघायची. प्लग चांगला असेल तर इंजिन आणखी अडखळतं. खराब असेल तर काहीच फरक पडत नाही.

पहिली वायर काढली. इंजिन जरा सावरलं.

"असं कसं?" मिस्त्री पुटपुटला. दुसरी काढली, तशी धाप गेली. तिसरी काढल्यावर थरथर थांबली.

आता एकच उरली होती. ती निघाली की ठिणगी पडणार कुठून? त्याने श्वास रोखून ती ओढली.

इंजिन इतकं सुरेल चालू लागलं की मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्य गाड्यांत गेलं, पण असा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता.

"झाली की हो बरी!" बाई हरखून गेल्या. "कुठली वायर होती?"

"सगळ्याच," तो कसाबसा म्हणाला.

त्याने किल्ली फिरवली आणि काढून बाईंच्या हातात दिली. आवाज तसाच राहिला. मिस्त्रीने हळूच इंजिनावर तळहात टेकवला.

लोखंड थंडगार होतं.