मावशीचं बोट

“तू नको मावशी, ही आजी,” म्हणत निधीने यामिनीच्या मुठीतून बोटं सोडवली आणि लोरेटाचा हात धरला.

लोरेटा सत्तरीची. ज्ञानदा ओक्लाहोमातल्या या गावात पीएचडी करत होती आणि तिच्याच घरी भाड्याने राहत होती. लोरेटाच्या आदिवासी जमातीतल्या मुलांना एकेकाळी सरकारी माणसं आईबापांपासून उचलून निवासी शाळेत नेऊन टाकत. तिलाही नेलं होतं. कित्येक मुलं परतलीच नाहीत. त्यांच्या आठवणीसाठी गावातून जुन्या शाळेपर्यंत पदयात्रा निघायची. येणाऱ्याने लहान मुलाच्या बुटांची जोडी आणायची आणि शाळेच्या पायऱ्यांवर ठेवायची, असा रिवाज होता.

यामिनी ही ज्ञानदाची नागपूरच्या कॉलेजातली मैत्रीण. नोकरी शेजारच्या टेक्सासमधल्या अर्विंगला. ज्ञानदाने फोनवर सहज या यात्रेचं सांगितलं, तर बाईसाहेब दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन हजर. मधे पाच वर्षं गाठभेट नव्हती. सोबत चार वर्षांची निधी.

“परवाच नागपूरहून आणली,” यामिनी म्हणाली.

कुणाची, हे विचारायची गरजच नव्हती. नाक थेट यामिनीच्या थोरल्या बहिणीचं, रत्नाताईचं. आल्यापासून पोरीचा एकच धोशा: आईला फोन लाव. सकाळी यामिनीने कॉलिंग कार्ड काढून नागपूरला फोन लावून दिला. पोर हुंदके देत आईशी बोलत राहिली आणि यामिनी तिकडे धुतलेलीच भांडी परत धूत राहिली.

ज्ञानदाला काही उमगेना. एवढ्याशा भाचीला सातासमुद्रापार आणायचं कारण काय?

“रत्नाताईचं सगळं ठीक आहे ना?” तिने चालता चालता विचारलं.

“मजेत आहे. का गं?”

“काही नाही यार, सहज.”

बया ताकास तूर लागू देत नव्हती.

ऊन चढलं. माणसं फारसं न बोलता चालत होती. निधी दमली आणि रस्त्यातच बसून रडू लागली. यामिनी उचलायला वाकली, तर पोरीने अंग ताठ केलं.

“मला आईकडे जायचंय.”

“हो,” यामिनी म्हणाली आणि पाण्याची बाटली पुढे केली. जवळ घेणं नाही, समजूत घालणं नाही. माय मरो पण मावशी जगो म्हणणाऱ्याने ही मावशी पाहिलेली नसावी, असं ज्ञानदाच्या मनात आलं. तिला यामिनीचा रागच आला.

लोरेटाने निधीला उठवलं, तिची चड्डी झटकली आणि आपली गोष्ट सांगू लागली. “सात वर्षांनी मला घरी पाठवलं. दारात एक बाई उभी होती. मी तिला गुड आफ्टरनून, मॅडम म्हणाले. शाळेत तसंच शिकवलं होतं.”

“मग तिने काय केलं?” यामिनीने एकदम विचारलं.

“जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशीही वाढलं.”

“असं किती दिवस?”

लोरेटाने तिच्याकडे निरखून पाहिलं. “तिने मोजले नाहीत,” ती म्हणाली.

शाळेच्या पायऱ्यांवर बुटांची रांग लागली होती. ज्ञानदाने जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेली जोडी ठेवली. यामिनीने पर्समधून तळहातात मावतील एवढे लाल बूट काढले. तळव्यांना मातीचा कण नव्हता.

“हे कुणाचे?” ज्ञानदाने विचारलं. यामिनी बुटांचे बंद सोडवू लागली.

निधी लोरेटाच्या कुशीत मुसमुसत होती. आई, आई, एवढंच ऐकू येत होतं. आता मात्र ज्ञानदाला राहवेना.

“यामिनी, तुमच्या घरात काय झालंय मला माहीत नाही. पण आज हे सगळं ऐकल्यावर तरी लेकराला आईपासून तोडू नकोस. पाठवून दे तिला आईकडे.”

यामिनीने दोन्ही बूट पायरीवर जोडून ठेवले. बंद नीट केले.

“पाठवली होती ना,” ती म्हणाली. “आठ महिन्यांची असताना, माझ्या आईकडे, रत्नाताईच्या हवाली. वाटलं होतं, परत आणीन तेव्हा ओळखेल मला.”