कृपया हात लावू नये

"काढ ती आधी गळ्यातली," नवरा दातओठ खात म्हणाला.

तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि चहा गाळत राहिली. पाटी तिच्या छातीवर डुलत होती. पांढऱ्यावर लाल अक्षरं : 'कृपया हात लावू नये.'

नवरा वस्तुसंग्रहालयात पहारेकरी. दिवसभर जुन्यापान्या रांजणांची राखण करायची आणि कुणाचं बोट पुढे सरकलं की खेकसायचं, "वाचता येत नाही का?" भल्याभल्यांची बोबडी वळायची. परवा या पाटीची दोरी तुटली, म्हणून नवी ओवून घ्यायला त्यानेच ती घरी आणली होती.

बायकोने दोरी ओवली आणि काल निजताना पाटी गळ्यात घातली. 'नको' म्हणून झालं होतं, ताप आहे म्हणून झालं होतं, रडूनही झालं होतं. त्यातलं काही त्याच्या कानात शिरलं नव्हतं. बायको नाही म्हणू शकते, हेच त्याच्या गावी नव्हतं. पाटीपाशी मात्र त्याचा हात हवेतच अडला. नोकरीची सवय, दुसरं काय. तो उशी उचलून बाहेरच्या बाकावर जाऊन झोपला. ती लग्नानंतर पहिल्यांदा बिनघोर झोपली, आणि आता पाटी उतरवायला तिचा जीव धजत नव्हता.

"तुम्हीच काढा की," ती म्हणाली.

त्याने हात पुढे केला. अक्षरं वाचली. हात मागे घेतला.

शेवटी त्याने आईला हाक मारली. "आई, तूच सांग हिला काय ते."

सासू आली तशी सून एक पाऊल मागे सरकली. सासूबाईंपाशी तिने एकदा भीत भीत तोंड उघडलं होतं. "डोळे मिटून पडायचं. लग्नात असंच असतं," एवढंच उत्तर मिळालं होतं.

सासूने चष्मा लावला. पाटी उलटसुलट करून पाहिली. दोरीची गाठ ओढून बघितली. गाठ पक्की होती.

"तू जा कामावर, उशीर होतोय," ती मुलाला म्हणाली. "हिच्याकडे मी बघते."

तो बूट चढवून निघून गेला. दार लागलं. आतल्या खोलीत सासरे खाकरले, तशी सासू दचकली आणि सुनेच्या अगदी जवळ सरकली.

"यांना आता बारीक अक्षर दिसत नाही गं," ती पुटपुटली. "याहून मोठ्या अक्षरांची मिळेल का एखादी?"