मादीचं कॅल्शियम

धुळ्याच्या केसरबाईंची लव्हबर्डची मादी अंडी घालायची, पण पिल्लू काही निघायचं नाही. "बठ्ठा दोष मादीनाच शे!" म्हणत केसरबाई रोज सकाळी तिच्या चोचीत कॅल्शियमचे थेंब सोडायच्या आणि लगोलग शतावरीच्या दुधाचा ग्लास सुनेपुढे, मृणालीपुढे, आदळायच्या. लग्नाला चार वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता.

शेवटी सासू-सून पिंजरा घेऊन पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या.

"आजी, मादी ठणठणीत आहे. अंडी रिकामी निघताहेत, म्हणजे आधी नराला तपासायला हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी केसरबाईंच्या डोळ्यांदेखत मृणालीने शतावरीचा ग्लास त्यांच्या लाडक्या लेकापुढे, राजदीपपुढे, आदळला.



"घ्या. डॉक्टरांनी सांगितलंय!"