उंबरा नसलेलं घर

“ते हॉटेल नको,” अतुल फोनवर म्हणाला. “दारातच दोन पायऱ्या आहेत.”

“फोटोत तर दिसत नाहीत,” रुपाली म्हणाली.

“फोटोत नाही दिसायच्या. दुसरं बघ.”

दुसऱ्या हॉटेलात बाथरूमचं दार अरुंद निघालं. पुढच्याची लिफ्ट खुर्चीला पुरणारी नव्हती. व्हिएन्नात राहणाऱ्या भावाला आईसाठी एकही जागा पसंत पडत नव्हती, आणि इकडे तळेगावात बसून रुपालीचं डोकं फिरायची वेळ आली होती. स्वतःच्या घराचं तर तो नावच काढत नव्हता.

अर्धांगवायूचा झटका आल्यावर शकुबाई गावाहून, टाकव्याहून लेकीकडे आल्या, त्या चाकाच्या खुर्चीतूनच. तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं होतं, अतुलला बघायचंय. अतुल काही फिरकत नव्हता. कधी सुट्टी नाही, कधी कामाची गडबड. वडील गेले तेव्हाही तो आला नाही. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यानं फोनच्या पडद्यावरूनच हात जोडले. त्या दिवशी भावकीनं जे सुनावलं, ते रुपालीनं मुकाट ऐकून घेतलं होतं. विसरली मात्र नव्हती. तो येत नाही तर आपणच जायचं, असं तिनं ठरवलं आणि विमानाची तिकिटं काढूनच त्याला कळवलं.

 “आयेला झेपेल का?” त्यानं विचारलं.

“ते माझं मी बघते.”

सराव म्हणून एका रविवारी तिनं आईला लोणावळ्याला नेलं. चिक्कीच्या दुकानाच्या पायरीशीच खुर्ची अडली. दोन गिऱ्हाइकांनी ती शकुबाईंसकट उचलून आत ठेवली. म्हातारी लाजेनं पदर सावरत राहिली.

“तितं बी अशी उचलाय मान्सं असत्यात का रं?” संध्याकाळी त्यांनी फोनवर लेकाला विचारलं.

“उचलावंच लागत नाही, आये. ट्राम फुटपाथच्या बरोबरीनं थांबते. आत गेल्यावर आधी ब्रेक लावायचा, मग पट्टा. जुन्या गल्ल्यांत फक्त जपायचं, दगडांच्या फटीत पुढची चाकं अडकतात.”

“येवडं समदं कुटं वाचलंस?”

“इथं असते सगळी माहिती,” तो म्हणाला. एवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला. अतुल तिच्याशी तिकडच्या भाषेत काहीतरी बोलला आणि घाईनं म्हणाला, “नंतर करतो.”

फोन बंद झाला. शकुबाईंनी तो मांडीवर ठेवला.

“बाई हाय घरात,” त्या म्हणाल्या. “म्हून येत न्हाई त्यो. लगीन करून बसलाय.”

रुपालीला एकदम सगळ्याचा उलगडा झाला. हॉटेलांची ती नाटकं, ते बहाणे.

“असेल,” ती म्हणाली.

“आसूं दे की मग. मी काय सुनंला खाती का?”

दुसऱ्या दिवशी रुपालीनं आडपडदा ठेवला नाही. “दादा, हॉटेल राहू दे. आम्ही तुझ्याकडेच उतरणार. तू काय लपवतोयस ते आयेला कळलंय.”



“कळलंय?” तो म्हणाला. “मग? रडली का?”

“रडायचं काय त्यात? असू दे म्हणाली.”

यावर अतुलच रडायला लागला. मोठा भाऊ असा रडताना तिनं कधी ऐकला नव्हता. तिचा सगळा राग तिथंच विरला.

“इकडेच या मग,” तो म्हणाला. “या घराला कुठं उंबरा नाही, रुपा. आयेची खुर्ची सगळीकडे फिरेल.”

शकुबाईंनी सुनेला द्यायला एक हिरवं लुगडं बॅगेत घालायला लावलं. व्हिएन्नाच्या विमानतळावर बॅगा घेऊन, आईची खुर्ची ढकलत रुपाली बाहेर आली आणि टाचा उंचावून बघू लागली. अतुल पहिल्यापासून ताडमाड. कुठल्याही गर्दीत त्याचं डोकं वर दिसायचं. त्याच्या शेजारी उभी असलेली बाई कशी असेल, याचाही ती अंदाज घेत होती. ओळखीचं कुणीच दिसेना.

तेवढ्यात शकुबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. त्या वर बघतच नव्हत्या. त्यांची नजर समोर, आपल्याच उंचीवर खिळली होती.

“आये,” अतुलचा आवाज आला. समोरची माणसं बाजूला झाली, आणि दोन्ही हातांनी चाकं रेटत त्यानं आपली खुर्ची आईच्या खुर्चीपुढे आणून थांबवली.