मोकळी करायची राहिलेली जागा

ग्वारीघाटच्या गुरुजींना तर्पणाची नावं पुकारायला प्रणोतीने प्रोग्राम लिहून दिला. छोटी नावं स्टॅक या तात्पुरत्या मेमरीत राहत आणि पुकारा झाला की आपोआप पुसली जात. लांबलचक नावं तिथे मावेनात, म्हणून ती तिने हीप या मोठ्या मेमरीत टाकली. तिथली जागा मात्र काम झाल्यावर आपणच मोकळी करावी लागते, आणि नेमकी तीच ओळ लिहायची राहून गेली.

संध्याकाळी तिच्या दारात ओल्या धोतरातले एक आजोबा उभे. "बेटी, तर्पण झालं ना माझं? मग काहून अडकवून ठेवून राहिली?" मागे जिन्यापर्यंत रांग, सगळे लांब नावांचे.

"दोन मिनिटं थांबा जी," म्हणत तिने लॅपटॉप उघडला. तेवढ्यात रांगेच्या शेवटी तिला गेल्या वर्षी वारलेले बाबा दिसले.

 

तिने लॅपटॉप मिटला. "सर्वर डाउन आहे जी. सगळ्यांनी उद्या या."