चौथ्या मजल्यावरचा परदेश

सोसायटीची लिफ्ट महिनाभर बंद होती. "आपल्या देशात काही धड चालत नाही," असं बाबांनी ग्रुपवर लिहिलं. चेअरमननी उत्तर दिलं, "पटत नसेल तर देश सोडून जा." गुडघ्यांमुळे बाबांना चौथा मजलाही सोडता येत नव्हता.

परदेशात कंपनी काढलेल्या दादानं तेच वाक्य व्हिडिओत म्हटलं आणि लाखभर लोकांनी बदाम पाठवले.

"माझं वाक्य ढापून भाव खातोस होय रे?" बाबांनी फोनवर विचारलं.

"बाबा, मला कुणी 'जा' म्हणायची सोयच नाही. मी आधीच गेलोय."

बाबांनी कानटोपी, मफलर आणि आईचा गॉगल चढवला, फ्रीज सताड उघडला आणि त्यापुढे उभं राहून तेच वाक्य म्हटलं. मी व्हिडिओ 'परदेशस्थ उद्योजक' या नावानं टाकला.

पहिली कमेंट चेअरमनची. "डोळे उघडलेत, सर. मायदेशी परत या."

बाबांनी लिहिलं, "तुमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहीन म्हणतो. लिफ्ट चालू आहे ना?"

दुसऱ्या दिवशी बाबा लिफ्टनं खाली उतरले. दारातच चेअरमन भेटले.

"जपून वापरा हं काका. परदेशातून एक साहेब यायचेत, त्यांच्यासाठी दुरुस्त केलीय."